माहिती कुठून मिळाली?

मी दहावी नापास. सांगायला लाज नाही, पण एकदा तरी पास व्हायचं मनात होतं. म्हणून मुलीने मोबाईलवर मासे टिकवायचा फुकटचा ऑनलाइन कोर्स दाखवला, तेव्हा लगेच नाव घातलं. शिकवणारी बाई सातासमुद्रापार. ती इंग्रजीत बोलायची आणि खाली हिंदी अक्षरं पळायची. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात माझी हयात बोंबील सुकवण्यात गेली, पण बाई त्याच सुकवण्याबद्दल असं काही बोलायची की माझीच मती गुंग व्हायची. निम्मं तर अजून कळलेलं नाही.

शेवटी एक पेपर लिहायचा होता: तुम्ही मासा कसा सुकवता? मी सांगत गेले, मुलगी इंग्रजीत उतरवत गेली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर कसे टाकायचे, वारा फिरला की काय करायचं, सगळं. खाली रकाना होता, माहिती कुठून मिळाली?

"लिही, आईकडून."

"मम्मी, पुस्तकाचं नाव पाहिजे ना!"

"मग तुझ्या आजीला पुस्तकात कोंबू का? लिही गपचूप."

पेपर पाठवल्यावर कळलं, बाई काही तपासत नाही. शिकणारे हजारो, तर आम्हीच एकमेकांचे तपासायचे. दहावी नापास बाई परीक्षक! आधी हसू आलं, मग घाम फुटला.

माझ्याकडे आला तो कुठल्यातरी तळ्याकाठच्या माणसाचा पेपर. नाव नाही, देश नाही. मुलीने वाचून दाखवला. तो मासे धुरावर धरायचा, आणि कातडीचा रंग बघून कधी उतरवायचे ते त्याने इतकं नेमकं लिहिलं होतं की मला वास आला. शेवटच्या रकान्यात होतं, आजीने शिकवलं.

तपासायचे नियम तेव्हा पहिल्यांदा वाचले. पुस्तक किंवा लेख नसेल तर तिथे शून्य, आणि एका रकान्यात शून्य म्हणजे नापास. म्हणजे माझीही वाट लागली!

"दे ना मार्क, कोण बघतंय?" मुलगी म्हणाली.

पण नियम मोडला तर मलाच काढतील, अशी भीती वाटली. आणि खरं सांगते, माझा पेपर मात्र कुणा मायाळू माणसाच्या हाती पडो, असंही तेव्हाच मनात आलं. मी शून्य टाकायला लावलं.

आठवड्याने निकाल आला. मी पास. शेवटच्या रकान्यात पूर्ण मार्क, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "तुमच्या आईने चांगलं शिकवलंय."

मुलगी नाचायला लागली. "मम्मी, स्टेटसला टाकू?"

"थांब गं," मी म्हटलं. मला आनंद झाला होता की रडू येत होतं, काही कळेना. "आधी त्या तळ्यावाल्याचं शून्य काढ."

तिने बरंच शोधलं. एकदा दिलेले मार्क बदलता येत नव्हते.