अप्पांना पेलतील इतके दंड

अप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. हिमायतनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही बापलेक दोघंच राहायचो. मी कॉलेजात गणित शिकवत होते. अप्पांनी सगळी उमर वकिली केली होती. चांगले उंचेपुरे. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती, तिच्या मदतीनं त्यांना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवता यायचं. ती काम सोडून गावी गेली आणि त्याच आठवड्यात अप्पा माझ्या हातांतून निसटले. धाडकन पडले नाहीत, माझ्या अंगावरून घसरत फरशीवर बसले. लुंगी सुटली होती. मला त्यांना वर घेता येईना. शेवटी वॉचमनला आणि एका शेजाऱ्याला बोलावलं. दोघं उचलत होते तेवढा वेळ अप्पा भिंतीकडे बघत राहिले.

"पुन्हा लोकांना बोलवायचं नाही," ते गेल्यावर अप्पा म्हणाले.

"मग काय करू?"

"राहू दे तसंच."

व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडून एकदा अप्पांना उठवून घेतलं. म्हणाल्या, "उचलायची पद्धत बरोबर आहे. हातात जोर नाही. जिमला जा."

घराजवळच्या जिममधल्या तरुण ट्रेनरनं विचारलं, "वजन कम करना है, अम्मा?"

"कम नक्को. वजन उठाना है."

"कित्ता?"

"एक आदमी."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं नीट विचारून घेतलं.

सुरुवात अगदी हलक्या डंबेलनं झाली. कोपर बरगडीला चिकटवायचं, वजन वर घ्यायचं आणि खाली आणताना घाई करायची नाही. मला खाली आणणंच जड जायचं. पहिले काही दिवस फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना हात थरथरायचा, वेणी घालताना खांदे भरून यायचे. ट्रेनरनं अंडी खायला सांगितली. आमच्या घरात कधी अंडं शिजलं नव्हतं, म्हणून अप्पांना विचारलं.

"खा की," ते म्हणाले. "कोर्टाच्या दिवसांत मी बाहेर काय काय खाल्लंय, तुला कुठं ठाऊक आहे?"

वजनं हळूहळू वाढली. ब्लाउजच्या बाह्या दंडाला काचायला लागल्या, त्या उसवून घेतल्या.

दरम्यान नवी बाई मिळाली होती. एका सकाळी तिला उशीर झाला, तेव्हा मी अप्पांना म्हटलं, "मी उठवते." त्यांनी डाव्या हातानं पलंगाचा कठडा धरून ठेवला.

"सोडा."

"पडेन."

"नाही पडणार."

त्यांनी सोडला. मी गुडघे वाकवले, त्यांना छातीशी घेतलं, वळले आणि खुर्चीत बसवलं. मग डाव्या हातानं त्यांनी माझा दंड दाबून पाहिला.

"बेटकुळी काढ."

मी काढली.

"बाईच्या जातीला शोभत नाही," म्हणाले. जरा थांबून, "चांगली आहे."

त्यानंतर त्यांना सुलतान बाजारला जायचं होतं. वर्षानुवर्षं धोतरं जिथून घ्यायचे त्या दुकानात. रिक्षातून त्यांना उतरवत असताना दुकानदार हात द्यायला धावत आला. मी काही म्हणायच्या आत अप्पांनीच त्याला थांबवलं.

"राहू द्या, हिला जमतं."

धोतर त्यांना पसंत पडलं नाही. आम्ही लस्सी पिऊन परत आलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. पहाटे, झोपेतच. पलंगावरून खाली घ्यायची वेळ आली तेव्हा चुलतभाऊ पुढे झाले. खांद्याकडची बाजू मी धरली. कुणी हरकत घेतली नाही. अप्पा तोवर बरेच हलके झाले होते. मी एकटीनंही घेतले असते.