फ्लॉपीत काय आहे, ते आधी वाचू द्या

आमच्या मंडळाचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. दर रविवारी दहा वाजता पाच-सहा शहाणी माणसं एका खोलीत बसली आणि त्यांतली निम्मी पन्नाशीच्या पुढची असली, की किस्से आपोआप साचतात, पंख्यावर धूळ साचते तसे. मग एक दिवस कुणीतरी बटण दाबतं आणि सगळं अंगावर येतं. आज मी दाबतेय.

मंडळ म्हणजे सावेडीत दळवी सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जमणारी लिनक्सवाली माणसं. साल अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव. एका मासिकाबरोबर लिनक्स या कॉम्प्युटर चालवणाऱ्या नव्या प्रणालीची सीडी फुकट आली होती आणि ती बसवायला अख्खा दिवस जायचा. म्हणून बसवण्याच्या सगळ्या आज्ञा ओळीने लिहिलेली एक फाइल, म्हणजे स्क्रिप्ट, आम्ही फ्लॉपीवर घालून एकमेकांना द्यायचो. फ्लॉपी घालायची, एक शब्द टाइप करायचा, पुढचं सगळं स्क्रिप्ट करते. सगळं म्हणजे सगळं. ती चालते तेव्हा कॉम्प्युटरच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्याच हातात असतो. घर झाडेल, नाहीतर पाडेल.

पण ही स्क्रिप्ट साध्या अक्षरांत असते. कुणीही उघडावी, वाचावी. म्हणूनच तर मला हे सगळं आवडलं होतं. बी.एस्सी.ची तीन वर्षं 'पुस्तकात दिलंय म्हणून' एवढंच ऐकल्यावर इथे पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं, घे, आत बघ. फक्त आमच्या मंडळात आत बघणं हा अपमान होता.

बरं, हे आमच्या आपसातच राहिलं असतं तर मी एवढी चिडले नसते. दिवाळीनंतर सर स्वतः लिहिलेली एक फ्लॉपी जिल्ह्यातल्या शाळांना फुकट देणार होते. पहिला नंबर कोपरगावच्या एका शाळेचा. तिथल्या ग्रंथपाल साळवे बाईंचं पत्र आलं होतं: 'शाळेत कॉम्प्युटर एकच आहे. वर्षभर बसून साडेतीन हजार पुस्तकांची यादी त्यावर टाइप केली आहे. फ्लॉप्यांना बुरशी लागल्याने दुसरी प्रत नाही. आपण नवीन प्रणाली बसवल्यावर यादी राहील ना?'

सरांनी उत्तर सांगितलं, मी लिहिलं: 'निश्चिंत असावे.' मीच ते पोस्टाच्या पेटीत टाकलं. त्या दिवसापासून मी निश्चिंत नव्हते.

*

सरांनी मला पहिल्यांदा फ्लॉपी दिली ती प्रिंटर चालू करण्याच्या स्क्रिप्टची. मी ती चालवण्याआधी उघडून वाचायला लागले. सर मागे येऊन उभे राहिले.

"काय करतेस?"

"वाचतेय."

"मी दिलीये ती."

"हो सर. म्हणूनच आधी तुमचीच वाचतेय."

सरांना हे कौतुक वाटलं नाही. ते खुर्ची ओढून समोर बसले. "मला एक सांग. घरी आई ताटात भाजी वाढते, तेव्हा विचारतेस का तिला, यात काय काय घातलंयस म्हणून?"

"विचारावं लागत नाही सर. चिरायला मीच असते."

पुढचे दोन रविवार चहा आला तेव्हा सरांनी माझा कप मोजला नाही.

*

मंडळात एक सुभेदार काका आहेत. लष्करात बिनतारी संदेशांच्या कामावर होते, निवृत्त होऊन भिंगारला राहतात. शिस्तीचा माणूस. त्यांच्या फ्लॉप्यांना नंबर असतात आणि नंबरांची वही कुलपात असते.

एकदा त्यांनी पुण्याहून मोडेमची स्क्रिप्ट आणली आणि आल्या आल्या तिला पासवर्ड घालून बंद केली. आम्हाला म्हणाले, माझ्यासमोर चालवायची, उघडायची नाही.

"का पण, काका?"

"गोपनीय."

"पण पुण्याच्या माणसानं ती सगळ्यांना उघडी दिलीये ना?"

"तिथे उघडी. इथे माझी जबाबदारी."

"बरं, तुम्ही तरी वाचलीत का?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी छावणीच्या गेटवर पाणीपुरीची गाडी लावलीये.

"पोरी, मी वाचली तर गोपनीय कशी राहील?"

*

मग मी ठरवलं की उलट दिशेने जायचं. मंडळात तेव्हा एक स्क्रिप्ट सगळ्यांकडे होती, सगळ्यांनी चालवली होती. मी एकेकाला विचारत सुटले: ही कुणी वाचलीये?

दळवी सर म्हणाले, "काकांनी पाहिलीये. लष्करातला माणूस, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही."

काका म्हणाले, "सरांनी पाहिलीये. त्यांनी दिली म्हटल्यावर मी कोण बघणार?"

उरलेले तिघे म्हणाले, सर आणि काका दोघांनी पाहिलीये म्हणून तर आम्ही घेतली.

मी हे सगळं फळ्यावर लिहिलं. नावं, बाण, बाणांची टोकं. गोल पूर्ण झाला. गोलाच्या बाहेर कुणी नाही आणि आत वाचलेला एकही माणूस नाही. मला वाटलं, आता तरी यांना काही वाटेल.

सर उठून फळ्याजवळ आले, बाणांवरून बोट फिरवलं. मग काकांना म्हणाले, "बघा. किती विश्वास आहे आपल्यात एकमेकांवर."

*

घरी केडगावला अप्पांपुढे हे रडगाणं गायले. अप्पा म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून. त्यांनी अर्थातच सरांची बाजू घेतली. "मोठ्या माणसानं हातात दिलेलं असं उलटंपालटं करून बघू नये. समोरच्याला लागतं."

त्याच आठवड्यात राहुरीहून माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलाचा फोटो, पत्रिका, माहितीचा कागद. आणणारे अप्पांचे तीस वर्षांचे मित्र. अप्पांनी कागद वाचला, पालथा करून मागून वाचला. मुलाच्या ऑफिसात एक माणूस पाठवला. मामाला त्यांच्या गावी पाठवलं. मामानं शेजारी विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, आणि शेवटी मुलाचे केस कापतो त्या न्हाव्याकडे जाऊन स्वतःची दाढी करून घेतली.

मी म्हटलं, "अप्पा, तीस वर्षांच्या मित्रानं हातात दिलंय. त्यांना लागेल ना."

"गप. तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मग साळवे बाईंच्या वर्षाचा?"

"त्या कोण?" अप्पा म्हणाले, आणि मामाला फोन लावायला गेले.

*

आता एक किस्सा माझ्यावरचा. तो गाळला तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही.

मराठी अक्षरं पडद्यावर दिसावीत म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. आठ दिवस खपले. रविवारी फ्लॉपी सुभेदार काकांच्या हातात दिली. काकांनी चष्मा पुसला, फाइल उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, मी काय आत बॉम्ब ठेवलाय का?"

दळवी सरांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

काकांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे काय आहे? इथे तुझं नाव कशाला?"

कशाला म्हणजे, कॉम्प्युटर सुरू झाला की पहिल्यांदा 'मराठी सुविधा:' आणि पुढे माझं नाव यावं, अशी मी सोय केली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असं वाटलं होतं.

"म्हणजे माझ्या घरी, माझ्या मशीनवर, रोज सकाळी आधी तुझं दर्शन?" काका म्हणाले. "सौ.ला काय सांगू?"

मी ती ओळ त्यांच्यासमोर काढली. त्या दिवशी चहा मी केला.

*

तरी शाळांची फ्लॉपी सरांनी मला दाखवली नाहीच. तीनदा मागितली. पहिल्यांदा म्हणाले, अजून लिहितोय. दुसऱ्यांदा म्हणाले, झाली की बघू. तिसऱ्यांदा म्हणाले, "वीस वर्षं शिकवतोय मी." फ्लॉपी शर्टाच्या खिशात, त्यावर चिकटवलेल्या कागदावर झोकदार अक्षरात 'दळवी सर'.

नोव्हेंबरात आम्ही दोघं कोपरगावला गेलो. उसाच्या ट्रॅक्टरांमागून एस.टी. रांगत होती. वाटेत मी परत विषय काढला, तेव्हा सर खिडकीबाहेर बघून म्हणाले, "ऊस यंदा बरा दिसतोय."

ग्रंथालय म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. चपला बाहेर. कॉम्प्युटरवर भरतकामाचं आच्छादन. साळवे बाई पन्नाशीच्या, सरांच्याच वयाच्या. सुती साडी, मागे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर दाखल-नोंदवही. सरांनी फ्लॉपी काढून दिली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली.

"यात काय आहे?"

"प्रोग्राम आहे, बाई. दहा मिनिटांत सगळं होऊन जाईल."

"काय काय होईल?"

"ते तांत्रिक आहे."

"इथे येणारी प्रत्येक वस्तू मी वाचून दाखल करते," बाई म्हणाल्या. "यात अक्षरंच आहेत ना?"

"आहेत, पण..."

"मग वाचा. एकेक ओळ, आणि मराठीत सांगा."

सर हसले. दारातला शिपाई मात्र हसला नाही. "बाई म्हनल्या म्हंजी वाचावंच लागंल, सर. इन्स्पेक्टर सायबाला बी वाचायला लावलं हुतं."

सर खुर्चीवर बसले. मी स्टुलावर. सरांनी फाइल उघडली आणि वर्गात शिकवतात तशा खणखणीत आवाजात सुरू झाले. ही ओळ असं करते, ती ओळ तसं. बाई प्रत्येक ओळीला मान हलवून "पुढे" म्हणत होत्या. आठ ओळी झाल्या.

"इथे कॉम्प्युटर विचारतो," सर म्हणाले, "की डिस्कवर आधी जे असेल ते सगळं पुसलं जाईल, चालेल का?"

"मग मी तेव्हा नाही म्हणायचं."

"त्याची गरज नाही पडणार. दर वेळी प्रश्नांची उत्तरं देत बसायला नको, म्हणून मी सोय केलीये. हा शब्द बघा, 'येस'. ही आज्ञा आधी दिली, की पुढे काहीही विचारलं तरी तो आपोआप..."

सर थांबले.

"आपोआप काय?" बाईंनी विचारलं.

"हो म्हणतो."

"कुणाच्या वतीनं?"

क्लासमधल्या कोऱ्या मशीनवर सरांनी ही फ्लॉपी पन्नास वेळा चालवली असेल. तिथे पुसायला काही नसायचं. सरांचं बोट पडद्यावर तसंच राहिलं.

"तुमच्या," ते म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून वहीवर ठेवला. त्या चिडल्या नाहीत, आणि मला तेच सहन होईना. "आमच्या घरात वाचता येणारी पहिली मी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही वाचलं होतं का हे?"

मी तोंड उघडलं, पण सर माझ्याआधी बोलले.

"तिनं तीनदा मागितलं, बाई. मी दिलं नाही."

बाईंनी सरांकडे पाहिलं, मग स्टुलाकडे.

"मग उठा," त्या म्हणाल्या, "आणि तिला खुर्चीवर बसू द्या."