शेकोटीजवळचं हलकं जॅकेट

"ओढू नका सर! हात काढा आधी तिथनं!"

मी एवढ्या जोरात ओरडले की कॅज्युअल्टीचा वॉचमन आत डोकावला. लातूरच्या एका हॉस्पिटलात जळीत वॉर्डाची मी सिस्टर. पोलीस भरतीची तयारी करून घेणारे एक सर निलंग्याजवळच्या कॅम्पवरून शीतल नावाच्या पोरीला जीपमध्ये घालून घेऊन आले होते. वाटेतनंच फोन आलेला, म्हणून मी कॅज्युअल्टीत येऊन थांबले होते. पोरीच्या उजव्या हाताला जॅकेटची बाही चिकटलेली. कोपरापाशी कापड कुठं संपतं अन् कातडी कुठं सुरू होते, कळत नव्हतं. वरून टूथपेस्ट फासलेली. काय म्हणावं या टूथपेस्टला!

"मनगटाकडची बाही मीच ओढून काढली," सर म्हणाले. तिच्यासोबत कातडीही आली होती.

जळालेलं कापड सुटं असेल तर काढायचं. चिकटलं असेल तर भोवतीनं कात्रीनं कापायचं. हात नळाच्या साध्या पाण्याखाली धरायचा. एवढंच. पण घाबरलेला माणूस ओढतोच.

"झालं कसं?"

"संध्याकाळी पोरी शेकोटीला बसल्या. तुराट्या तडतडल्या, बाहीवर ठिणगी पडली. झटकायच्या आत बाही वितळली. सिस्टर, जॅकेट चांगलं होतं हो. लई हलकं, लई गरम. पोरींना ओझं नको म्हणून मुद्दाम शोधून आणलं होतं."

"हलकं म्हणजे प्लास्टिकच की ते!" माझा राग आवरेना. वरून नायलॉन, आत पॉलिस्टर. ऊब छान देतं, पण जाळ लागला की डांबरासारखं अंगाला चिकटतं.

शीतलची आई देगलूरहून एसटीनं आली. तिचं एकच विचारणं. "सिस्टर, हात सरळ होईल ना? गोळ्याचं ग्राऊंड हाय तिचं." भरतीच्या ग्राऊंडला, म्हणजे मैदानी चाचणीत, धावण्यासोबत गोळाफेकीचेही मार्क असतात. डॉक्टरांनी ग्राफ्ट केलं, म्हणजे मांडीची कातडी काढून कोपरावर लावली. पण जखम भरताना कातडी आखडते आणि सांधा वाकडा धरून ठेवते. आम्ही त्याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतो. मला उत्तर दिसत होतं. "व्यायाम सोडू देऊ नका," एवढंच बोलले. त्या माउलीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सर तीन जॅकेटं घेऊन हजर. "बाकीच्या पोरींसाठी यातलं कोणतं घेऊ?"

चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण विचारायला आले, हेही नसे थोडके. त्यांना बाहेर मोकळ्या जागेत नेलं. प्रत्येक जॅकेटाचा दोरा काढून काडी लावली. तिन्ही आक्रसले, टोकाला काळा टणक मणी झाला. मग माझ्या लोकरी स्वेटरचा धागा धरला. केस जळाल्यासारखा वास आला आणि धागा विझला.

"शेकोटी करणार का?"

"थंडीत पोरी ऐकतात व्हय?"

"मग लोकरीचं घ्या. ही जॅकेटं तंबूत घालू द्या, जाळापासून लांब."

"जड होतंय ओ. पोरी कुरकुर करतील."

"करू द्या."

काही महिन्यांनी शीतल हट्टानं ग्राऊंडला गेली. त्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. "पळण्यात पुढं होती, सिस्टर. पण कोपर उघडलंच न्हाई. गोळा पायापाशीच पडला."

दुकानात जॅकेट सगळेच हातात तोलून बघतात. दोरा जाळून कुणी बघत नाही. काडी एकच लागते.