शेऱ्याच्या रकान्यात न मावलेलं

आमच्या सर्व्हेच्या फॉर्मला शेवटी 'शेरा' नावाचा रकाना होता. दोन बोटं रुंद. छापणाऱ्याला वाटलं असावं, बेघर माणसाबद्दल लिहायला एवढी जागा पुष्कळ झाली. आम्ही तुळजापुरात पंधरा दिवस पहाटे फिरलो आणि रोज त्या रकान्यातून काहीतरी उतू जायचं. ते उतू गेलेलं हे.

आम्ही तिघं. मी, माझी कॉलेजातली मैत्रीण शाहीन आणि आमचे टीम लीडर साळुंके काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. थंडी पडायच्या आत गावात निवारा सुरू होणार होता. पक्कं छप्पर, गादी, बायकांसाठी वेगळी खोली. पण जागा फक्त यादीत नाव असलेल्यांना. आणि नाव घालायचं तर माणसानं स्वतः 'होय, मी बेघर आहे' म्हणून अंगठा द्यायचा. शेवटच्या दिवशी नगरपालिकेचे साहेब येऊन यादीबाहेर राहिलेल्या प्रत्येकाला तोच प्रश्न पुन्हा विचारणार.

माझं म्हणाल तर मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. मी व्हॉलंटियर का झाले, हे आईनं पंधराही दिवस विचारलं.

*

पहिल्याच पहाटे देवळाच्या रस्त्यावर, बंद दुकानांसमोर, सात-आठ माणसं ओळीनं झोपलेली दिसली. लहान मूलसुद्धा होतं. शाहीननं भराभर फॉर्म काढले. कडेच्या काकांना मी हळूच उठवलं आणि घर आहे का म्हणून विचारलं.

ते डोळे चोळत उठून बसले. सोलापुरात आहे म्हणाले, दोन मजली. लॉज फुल होते म्हणून सगळं खानदान इथं पसरलं होतं. मग त्यांनी आम्हा दोघींना खालून वर न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "वर एक खोली रिकामी हाय. तुमाला पायजे का?"

*

त्यानंतर साळुंके काकांनी नियम काढला. "ज्याच्या उशाला बॅग, तो भाविक. ज्याच्या उशाला चप्पल, तो आपला." चप्पल चोरीला जाते ना रस्त्यावर. नियम इतका अचूक निघाला की दुसऱ्या टीमनंही उचलला.

चार दिवसांनी चहा यायला उशीर होता म्हणून काका तोंडाला मफलर गुंडाळून स्टँडच्या बाकावर जरा आडवे झाले. चप्पल नवी कोरी होती, उशाला घेतली. दुसऱ्या टीमनं त्यांचा फॉर्म भरला. काकांनी झोपेत 'होय' पण म्हटलं. शेरा होता, 'वृद्ध, परंतु तब्येत चांगली.'

काकांना बाकी कशाचं काही वाटलं नाही, 'वृद्ध' तेवढं लागलं.

*

चांगुणा आजी स्टँडच्या भिंतीशी बसायची. भूमकडची, सत्तरीच्या पुढची, एक बोचकं आणि छातीत खोल गेलेला खोकला. निवाऱ्याची गरज कुणाला असेल तर हिला, असं पहिल्या दिवशीच माझ्या मनानं घेतलं. प्रश्न विचारला तर तिनं मलाच विचारलं, बेघर म्हणजे काय. मी सांगितलं, ज्याला घर नाही असा माणूस.

"मग घर न्हाय म्हण की. बेघर काय? शिवी वाटती ती." आणि पदर सारखा करून म्हणाली, "आईच्या दारात बसल्याली बाई बेघर कशी गं?"

तुळजापुरात या उत्तरावर काही बोलता येत नाही. फॉर्म कोराच राहिला. मी रोज जायची, रोज विचारायची. ती रोज खोकायची आणि रोज नाही म्हणायची.

*

काकांची कंडक्टरकीची जुनी सवय काही गेली नव्हती. माणसं उठवायला ते पेनानं दिव्याच्या खांबावर टण्टण् वाजवत. एकदा तर तीन माणसं उठून बोचकी घेऊन रांगेतच उभी राहिली.

आणि 'तुम्ही कुठले' विचारायच्या ऐवजी त्यांच्या तोंडून हमखास निघायचं, "कुठं जायचं?"

बारवेजवळ एक पांढऱ्या दाढीचे बाबा असत. त्यांनी या प्रश्नावर बराच विचार केला. मग म्हणाले, "आता कुठं जायचं राव, आलो की."

काकांनी 'मुक्काम' रकान्यात तेच लिहिलं. शब्दाला शब्द.

*

परडी घेऊन फिरणाऱ्या एका मावशींचा फॉर्म शाहीन भरत होती. उत्पन्नाच्या साधनासमोर तीन चौकोन होते. मजुरी, भिक्षा, इतर. शाहीननं भिक्षेवर खूण केली, तर मावशी बिथरल्या. भीक नव्हे, जोगवा आहे म्हणाल्या. भीक पोटासाठी मागतात, जोगवा आईच्या नावानं.

शाहीननं खाडाखोड करून 'इतर' केलं. मावशींनी मग तिची चौकशी केली. पगार आहे का? नाही. मग पहाटे दारोदार कशापायी हिंडतेस? शाहीन म्हणाली, असंच, लोकांची नावं गोळा करायला.

"मंजी तूबी जोगवाच मागायलीस की!"

*

माझी फजिती सांगितली नाही तर शाहीन सांगेल. एका घोंगडीपाशी वाकून मी अगदी मृदू आवाजात 'बाबा' म्हटलं. घोंगडी हलली आणि आतून कुत्रं बाहेर आलं. मी जी किंचाळले! कुत्रं पळालं, घोंगडीतले खरे बाबा उठले, अख्खी ओळ उठली. बाबांनी मलाच पाणी पाजलं. अर्ध्या तासात सगळ्यांचे फॉर्म भरून झाले.

काका म्हणाले, "उद्यापास्नं खांब वाजवायला नको. हिलाच पुढं घाला."

*

शेवटच्या दिवशी साहेब आले. निवारा त्याच रात्री उघडायचा होता. चांगुणा आजीचा फॉर्म कोरा होता. आदल्या दिवशी काका म्हणाले होते की टाकू गुपचूप खूण, पण अंगठा कुठून आणणार? आता नाही म्हणाली तर नाव गेलं. वाऱ्याला धार आली होती. साहेबांना घेऊन पोचलो तेव्हा ती खोकतच होती.

त्यांनी अदबीनं विचारलं, "आजी, तुम्ही बेघर आहात का?"

"मी न्हाय," आजी म्हणाली आणि बोट माझ्याकडं केलं. "हिचं लिव्हा. पंधरा दिस झालं बगायले, उजाडायच्या आत रस्त्यावर असती. घरात कुणी ठिवून घेत न्हाईत वाटतं."

शाहीननं तोंड फिरवलं. साहेब एकदा माझ्याकडं, एकदा यादीकडं बघायला लागले. मी आय-कार्ड पुढं केलं, तेही उलटं.

आजीला उबळ आली. ती ओसरेपर्यंत सगळे थांबलो. मग ती साहेबांना म्हणाली, "पर तितं निवाऱ्यात हिला एकटीला टाकू नका. जरा काय वाजलं की दचकती पोरगी. सोबतीला हाय का कुणी?"

आमच्याकडं अशी रीत आहे. घरात बाई एकटी असली की शेजारची म्हातारी तिच्याकडं झोपायला जाते. कुणी विचारलं तर सांगते, सोबतीला चालले. त्यात कुणाचे उपकार नसतात.

साहेबांनी मला विचारलं, "आहे का हो कुणी?"

"नाही," मी म्हणाले. "आणि मला एकटीला झोप येत नाही, आजी."

हे खरं आहे. आईला विचारा.

आजीनं मला नीट निरखून घेतलं. मग साहेबांपुढं अंगठा धरला.

"लिव्हा मग माजं. बेघर म्हणून न्हाय. सोबत म्हणून."

साहेबांनी शाईचं पॅड उघडलं. अंगठा उमटवून आजीनं तो भिंतीला पुसला, बोचकं उचललं आणि माझ्याकडं वळली.

"चल. पर भिताडाकडची जागा माजी."