मेंदी लावलेलं बोट

नव्वदीनंतर बीडला रंगीत टीव्ही आले, एसटीडीचे पिवळे बूथ आले. हृदयाचं ऑपरेशन तेवढं आलं नाही. माझ्या बायकोची हृदयाची झडप आकसली होती. दोन घागरी आणल्या की ती उंबऱ्यावर बसून धापा टाकायची. पुण्याचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा बीडला येत, तपासत आणि ऑपरेशन झेपेल अशा पेशंटला त्याच दिवशी सोबत पुण्याला नेत. चार महिने थांबून आमचा नंबर लागला.

आमच्या नांदूरघाटहून पहिल्या एसटीनं बीडला गेलो. डॉक्टरांनी तिच्या बोटाला एक चिमटा लावला. सुई नाही, रक्त नाही. बोटातून उजेड जातो आणि रक्तातला ऑक्सिजन आकड्यात दिसतो. ऑपरेशन चालू असताना सगळा वेळ त्या आकड्यावर डोळा ठेवावा लागतो, असं त्यांनी मला समजावलं. आधी आकडाच येईना. मग आला तो इतका कमी, की डॉक्टर चपापले. त्यांनी तिचा हात उलटसुलट करून पाहिला. दहाही बोटांची टोकं नखांसकट मेंदीनं काळीभोर. पायांचीही तीच गत.

मेंदीनं यंत्र फसतं म्हणे. कानाला लावायचा चिमटा पुण्यातच राहिला होता. आकडा खरा की मेंदीचा हे कळल्याशिवाय नेणार नाही, पुढच्या महिन्यात या, असं सांगून ते मोकळे झाले.

मी तिला नळावर नेलं. लिंबू झालं, कपड्याचा साबण झाला, शेवटी रॉकेलही. कातडं लाल झालं, रंग ढिम्म हलला नाही. तोवर डॉक्टरांची गाडी निघून गेली. एवढी चीड मला आयुष्यात आली नव्हती. मेंदी आईनंच लावली असणार. सून ऑपरेशनला चाललीय की लग्नाला, एवढी अक्कल आईला नसावी? परतीच्या एसटीत मी आईचा उद्धार करत राहिलो.

मांजरसुंब्याला गाडी थांबली, तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाईला कावून बोलता? मीच लावून घेतली. तिकडं माझं काई बरंवाईट झालं, तर परक्या गावात तुमी मेंदी अन् हिरवी साडी कुठं हुडकणार व्हता?"

सवाष्णीनं सजून जावं, एवढीच तिची तयारी होती. मी इतके महिने फक्त नंबराची वाट पाहत होतो.

महिनाभर मी तिची नखं घासत, कापत राहिलो. पुढच्या खेपेला निघताना हिरवी साडी मीच पिशवीत घातली.