पाचवी काडी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सीताफळाच्या सात रोपांतल्या जित्त्यांना खरकटं पाणी घालणं. भांडी धुतलेलं पाणी ती डब्यात जमा करायची. सकाळी डबा मी उचलायचो आणि कोणाला घालायचं ते ती सांगायची.

उन्हाळ्यात सीताफळ पानं टाकतं. नुसती काडी उभी असते, जित्ती का मेली बघून कळत नाही. ती अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की म्हणायची, "घाला." वाळकं दिसलं की पुढं. टँकर तीन दिवसाआड यायचा, मेलेल्याला पाणी कुठून आणणार? दोन काड्या तिनं आधीच सोडून दिल्या होत्या. त्या दिवशी पाचवीपाशी ती लई वेळ बसली.

"अगं, काय ठरलं?"

"काय उमगंना. आज घोटभर घाला, उद्या बघू."

"मी बघू का?"

"तुमचं नख हाय का खुरपं? सगळी साल सोलताल. आन् डोळ्याला तर माझं तोंड बी नीट दिसत न्हाई."

"म्हणून तर इतकी वर्सं निभलं."

हसली. गुडघ्यावर हात टेकून उठली.

आमचं जन्मभर एकच चुकलं. पावसाळ्यात बी लावायचं आणि दिवाळीनंतर कारखान्याचा ऊस तोडायला जायचं. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. गुढीपाडव्याला परत यावं तर रोपांची काटकं झालेली. तरी पुढच्या पावसाला ती पुन्हा बी टोचायची. एकदा सोसायटीनं कलमं वाटली. मी गेलो, तर म्हणाले, "विहीर हाय का?" न्हाई म्हणलं, तर माघारी लावलं. ती म्हणाली, "मरू द्या त्यांचं कलम," आणि डोंगरातलं रानटी सीताफळ खाऊन बिया पदरात गोळा केल्या. माझी कंबर गेली, तोड सुटली, घरी राहिलो, तेव्हा कुठं ही सात तगली. तिसऱ्या वर्षी दुष्काळ पडला.

त्या सकाळी घरी आल्यावर म्हणाली, "जरा पडते." दुपारी भाकरीला हाक मारली, तर उठली नाही. अंघोळ घालायला बायकांनी रांजण तळापर्यंत उपसला. मी बघत बसलो. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

दुखाच्या घरात चूल पेटत नाही. भाकरी भावकीतून आली, रिकामी भांडीही त्यांनीच नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं डबा उचलला, तर कोरडा. घरात भांडंच घासलं नव्हतं. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. शेजारणीनं मला प्यायला कळशीभर पाणी ठेवलं होतं, तेवढंच. टँकर परवा येणार होता. कळशी डब्यात रिकामी केली आणि निघालो.

पाचवीपाशी बसून नख लावलं. साल लांब निघाली. आत हिरवं का पिवळं, काही दिसलं नाही. बोटानं चाचपलं. ओलं लागलं, पण हात डब्यातल्या पाण्यानंच ओला झालेला. दुसऱ्या बाजूनं पुन्हा खरवडलं असतं, तर काडीला सालच उरली नसती.

मग सातही काड्यांना घोट घोट पाणी घातलं. तिनं सोडलेल्या दोघींनाही.