संध्याकाळी ठेवलेले निरोप

फोन कुठून आलाय हे शमीमअक्कांच्या बोलण्यावरून कळायचं. दोंडाईच्याकडचा माणूस असला की त्या म्हणत, "बोला भाऊ, काय शे?" फैजपूरचा असला की, "काय म्हनता भाऊ?" आणि पुण्याचा खतवाला असला की शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध मराठी. जळगावला केळीची रोपं तयार करून विकणाऱ्या आमच्या कंपनीत त्या फोनवर बसत. मी शेजारच्या टेबलावर. रोपांच्या गाड्या कधी, कुठे पाठवायच्या हे माझं काम. अक्का मूळच्या धुळ्याच्या, पिंजारी घरातल्या. नवरा गेल्यावर जळगावात एकट्याच राहत. फोन करणाऱ्या कित्येकांना त्यांचं आडनावही ठाऊक नव्हतं.

निरोप त्या दोनदा सांगायला लावत. "पहिल्यांदा माणूस नुसता चिडून बोलतो," त्या म्हणत, "कामाचं दुसऱ्यांदा सांगतो." मग उठून माझ्याकडे येत. "वर्षा, सावद्याची गाडी उद्या नको. त्यांच्याकडे लग्न आहे, रोपं उतरवायला माणूस मिळणार नाही."

गेल्या उन्हाळ्यात ऑफिसात नवी फोनयंत्रणा बसली. कोणी उचललं नाही तर फोन व्हॉइसमेलवर जाणार, तिथे माणसाने निरोप ठेवायचा आणि सकाळी अक्कांच्या फोनवर लाल दिवा लुकलुकणार. अक्कांना ती आवडली होती. "मी जरा मोकळी झाले, आता डबा तरी गरम खाईन," म्हणाल्या.

मृगबागेच्या, म्हणजे जूनमधल्या केळीच्या लागवडीचे दिवस होते. एका सकाळी फैजपूरकडचे एक बागायतदार वाळलेल्या रोपांचा ट्रे घेऊन आले आणि तो त्यांनी अक्कांच्या टेबलावर ठेवला. त्यांच्या बोअरची मोटार जळाली होती. पाणी नाही, गाडी थांबवा, असा निरोप त्यांनी गाडी निघायच्या आदल्या संध्याकाळीच ठेवला होता. तरी गाडी गेली. मोटार दुरुस्त होईपर्यंत रोपं उन्हात करपली.

"अक्का, म्या तुमाले सांगितलं व्हतं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, माझ्यापर्यंत आलं नाही," अक्का म्हणाल्या.

मॅनेजर साहेबांनी त्याच दिवशी खात्री करून घेतली. भर दुपारी स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला, कोणाला उचलू दिला नाही, निरोप ठेवला. अक्कांच्या फोनवर दिवा लागला.

"यंत्र तर नीट चाललंय, अक्का."

"मग मीच बिघडले असेन," अक्का म्हणाल्या.

अक्का कधी निरोप विसरत नाहीत, असं मी साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, वय होतं माणसाचं. पुढच्या आठवड्यात अक्कांना फोनवरून काढून स्टोअरला बसवलं. थोडे दिवस त्या येत राहिल्या, माझ्याशीही कमीच बोलत. मग नोकरी सोडून धुळ्याला भावाकडे गेल्या.

फोनवर नवी मुलगी आली, आणि निरोप हरवल्याच्या तक्रारी तिच्याही नावावर येऊ लागल्या. तेव्हा माझ्या मनात आलं, साहेबांनी पाहिलं ते दुपारी. लोक तर शेतातून घरी आल्यावर फोन करतात. ऑफिस बंद झाल्यावर मी फाटकाबाहेरून फोन लावला आणि निरोप ठेवला. सकाळी दिवा लागलेला नव्हता.

यंत्रणेचा माणूस बोलावला. दिवसाचे फोन बरोबर जागी येत होते. पण कामाची वेळ संपली की फोन एका जुन्या विक्री अधिकाऱ्याच्या नंबरवर वळत होते. तो अधिकारी केव्हाच सोडून गेला होता, केबिनला कुलूप. सगळे निरोप तिथे साठून राहिले होते. साहेबांनी ते लावायला सांगितले. एकामागून एक माणसं बोलत होती आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात "अक्का" अशीच होती. फैजपूरच्या भाऊंचा आवाज आला तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेले.

त्या रविवारी आम्ही दोघं धुळ्याला गेलो. अक्कांनी ओसरीत बसवलं, चहा केला. साहेबांनी सगळं सांगितलं, हात जोडले, परत या म्हणाले.

"सापडलं ते चांगलं झालं," अक्का म्हणाल्या. "त्या भाऊंना कळवलं?"

"नाही अजून."

"आधी त्यांना कळवायचं होतं, साहेब."

साहेबांनी तिथूनच फोन लावला, चूक कुणाची होती ते सांगितलं. मग त्यांनी मोबाइल अक्कांपुढे धरला. "तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

अक्कांनी हात पुढे केला नाही. मोबाइलमधून बारीक आवाजात "अक्का, अक्का" ऐकू येत होतं. त्या उठल्या, आमचे कप उचलले आणि आत गेल्या. बराच वेळ आतून नळाचं पाणी वाहत राहिलं.